पाच दिवसांची युती: इटलीतल्या डाव्या-मध्यममार्गी आघाडीचा ऑगस्ट २०२२

७ ऑगस्ट २०२२ हा रविवार होता. इटलीत ऑगस्ट म्हणजे सुट्ट्यांचा महिना, निम्मा देश समुद्रकिनाऱ्यावर. त्या दुपारी 'राई ३' वाहिनीवरच्या मुलाखतीत 'आत्सिओने' या मध्यममार्गी पक्षाचे नेते कार्लो कालेंदा यांनी सांगून टाकलं, की डाव्या-मध्यममार्गी डेमोक्रॅटिक पक्षाशी (पुढे 'पीडी') केलेल्या युतीतून आपण बाहेर पडतो आहोत. ती युती २ ऑगस्टला झाली होती. सह्या, हस्तांदोलन, जागावाटपाची टक्केवारी, सगळं पार पडलेलं. शाई वाळेपर्यंत करार मोडला.

इटलीच्या राजकारणात युत्या मोडणं नवीन नाही. तरी हे प्रकरण उलगडून पाहावंसं वाटतं, कारण इथे प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी एक निर्णय घेतला, तो निर्णय त्या दिवशी समजण्यासारखा होता, आणि तरी सगळे निर्णय एकत्र आल्यावर एक सबंध निवडणूक हातची गेली.

पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२१ पासून मारिओ द्रागी यांचं सरकार होतं. त्यात पीडी, फाइव्ह स्टार चळवळ, लेगा, फोर्त्सा इतालिया असे एकमेकांचे वैरी एकत्र बसले होते. बाहेर राहिला तो मुख्यतः जॉर्जिया मेलोनी यांचा उजवा 'फ्रातेल्ली द'इतालिया' आणि डावीकडे निकोला फ्रातोयान्नी यांचा छोटा 'सिनिस्त्रा इतालियाना'. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तिच्यावरूनच सगळं फिस्कटलं.

पीडीचे सचिव होते एन्रिको लेत्ता. मार्च २०२१ मध्ये पॅरिसहून परत बोलावून त्यांच्या हाती पक्ष दिला गेला. आठ वर्षांपूर्वी ते पंतप्रधान होते आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांच्याच पक्षाच्या मातेओ रेन्झी यांनी त्यांना खुर्चीवरून उठवलं होतं. लेत्ता यांची कल्पना होती 'काम्पो लार्गो'ची, म्हणजे मोठ्या मैदानाची: मध्यममार्गींपासून फाइव्ह स्टारपर्यंत सगळे उजव्यांच्या विरोधात एकत्र. २०१९ ते २०२१ या काळात पीडी आणि फाइव्ह स्टार यांनी जुझेप्पे कोंते (पुढे फाइव्ह स्टारचे प्रमुख) यांच्या नेतृत्वाखाली एकत्र सरकार चालवलं होतं, त्यामुळे कल्पना हवेतली नव्हती.

जुलै २०२२ मध्ये ठिणगी पडली. सरकारच्या आर्थिक मदतीच्या एका अध्यादेशात रोममध्ये कचरा जाळून वीज करणारा प्रकल्प उभारण्याची वाट मोकळी करणारं कलम होतं. रोमचे महापौर पीडीचे, आणि त्यांना प्रकल्प हवा होता. फाइव्ह स्टारला तो तत्त्वतः नको होता. १४ जुलैला फाइव्ह स्टारने सिनेटमधल्या विश्वासमताच्या वेळी मतदानच केलं नाही. कचऱ्याचा प्रश्न हे निमित्त म्हणा, पण निमित्तही असं निघालं की थेट पीडीच्या महापौराच्या अंगणातलं. द्रागी यांनी राजीनामा देऊ केला, राष्ट्रपती सेर्जिओ मात्तारेल्ला यांनी तो नाकारला. २० जुलैला पुन्हा सिनेटमध्ये मतदान झालं. या वेळी लेगा आणि फोर्त्सा इतालिया यांनीही पाठ फिरवली. सरकारच्या बाजूने ९५ मतं पडली, विरोधात ३८. तांत्रिकदृष्ट्या द्रागी जिंकले, पण त्या आकड्यावर देश चालवता येत नाही. दुसऱ्या दिवशी राजीनामा आणि संसद विसर्जित. निवडणूक २५ सप्टेंबरला.

आता निवडणूक कायदा, कारण तो समजल्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही. २०१७ चा हा कायदा 'रोझातेल्लुम' म्हणून ओळखला जातो. एत्तोरे रोझातो हे तेव्हा पीडीचे कनिष्ठ सभागृहातले गटनेते, त्यांच्या नावावरून. त्यानुसार कनिष्ठ सभागृहाच्या ४०० पैकी १४७ जागा एक-उमेदवार मतदारसंघांतून: ज्याला सगळ्यात जास्त मतं, तो निवडून आला. उरलेल्या, परदेशातल्या आठ वगळून, यादीनुसार प्रमाणशीर. सिनेटच्या २०० पैकी ७४ जागा तशाच थेट लढतीच्या. (२०२० च्या सार्वमतानंतर खासदारांची संख्या ९४५ वरून ६०० वर आणली होती. जागा कमी, इच्छुक तेवढेच.)

गोम अशी, की मतदाराला मत फोडता येत नाही. यादीवर खूण केली की मत आपोआप त्या आघाडीच्या थेट लढतीतल्या उमेदवारालाही जातं. आत्सिओनेवर शिक्का मारणारा रोमचा व्यावसायिक आपल्या मतदारसंघात आघाडीचा उमेदवार डावा कार्यकर्ता असेल तर त्यालाच मत देऊन बसतो, त्याची इच्छा असो वा नसो. आपल्याकडे जागावाटप फिस्कटलं की 'मैत्रीपूर्ण लढत' म्हणून वेळ मारून नेता येते. रोझातेल्लुममध्ये एकदा चिन्हं जोडली की ती सोय नाही. आणि वेगळे लढलात तर १४७ मतदारसंघांत एकसंध उभ्या असलेल्या उजव्या आघाडीसमोर तीन तुकड्यांत उभे राहता. हा कायदा पीडीनेच पुढाकार घेऊन केला होता, आणि तेव्हा कुणाशीच युती न करणाऱ्या फाइव्ह स्टारला तो जाचक ठरेल असा अनेकांचा होरा होता. पाच वर्षांनी जाच कुणाला झाला ते पुढे येतंच.

पेच

उजवीकडे गणित सोपं होतं. मेलोनी, लेगाचे साल्व्हिनी आणि फोर्त्सा इतालियाचे बेर्लुस्कोनी यांचं आपसात पटत नसलं, तरी एकत्र लढायचं ही सवय १९९४ पासूनची. डावीकडे प्रत्येक भागीदार दुसऱ्या एखाद्या भागीदाराला सहन करू शकत नव्हता. कालेंदा यांना फाइव्ह स्टार नको, डावे-हिरवे (फ्रातोयान्नींचा पक्ष आणि हिरवे यांची जोडी) नकोत. डाव्यांना कालेंदा नकोत. लेत्तांना रेन्झी (आता पीडी सोडून स्वतःचा पक्ष काढलेले) नकोत, आणि त्याचं कारण २०१४ पासून साऱ्या देशाला माहीत. फाइव्ह स्टारमधून जूनमध्ये फुटून निघालेले परराष्ट्रमंत्री लुईजी दी मायो पीडीकडे आले होते, म्हणजे कोंतेंशी बोलणं आणखी अवघड. वेळही नव्हता. चिन्हं आणि आघाडीची घोषणा १२ ते १४ ऑगस्टदरम्यान गृहमंत्रालयात द्यायची, उमेदवारांच्या याद्या २१ आणि २२ ऑगस्टला.

जुनी जखम

पीडीच्या मनात दोन आठवणी कायम जाग्या असतात.

पहिली १९९६ ची. रोमानो प्रोदी यांच्या 'ऑलिव्ह वृक्ष' आघाडीने कम्युनिस्ट पुनर्रचना पक्षाशी युती केली नाही, पण 'देसिस्तेन्झा' केली: आम्ही इथे उमेदवार देत नाही, तुम्ही तिथे देऊ नका. समान कार्यक्रम नाही, समान सरकारही नाही. निवडणूक जिंकली. सरकार मात्र बाहेरच्या पाठिंब्यावर टांगलेलं राहिलं आणि ९ ऑक्टोबर १९९८ ला एका मताने पडलं, ३१२ विरुद्ध ३१३.

दुसरी २००६ ची. धडा घेऊन या वेळी सगळ्यांना आत घेतलं, आणि २८१ पानांचा समान कार्यक्रम छापला. कनिष्ठ सभागृह जेमतेम २५ हजार मतांच्या फरकाने जिंकलं. सिनेटमध्ये बहुमत इतकं बारीक की कुणी आजारी पडलं तर मतदान लांबवावं लागे. २४ जानेवारी २००८ ला क्लेमेंते मास्तेल्ला यांच्या चिमुकल्या पक्षाने हात काढून घेतला आणि प्रोदी १५६ विरुद्ध १६१ ने पडले.

म्हणजे सैल जोडणी केली तरी पडलो, घट्ट बांधली तरी पडलो. २००७ मध्ये, दुसरं सरकार पडायच्या काही महिने आधी, पीडी हा पक्ष जन्माला आला तो याच थकव्यातून. 'सगळ्यांना घेऊन निवडणूक जिंकता येते, राज्य करता येत नाही' ही समजूत पक्षाच्या हाडीमाशी खिळलेली. २०२२ च्या निर्णयांमागे ती आहे, आणि माझ्या मते तिचा अर्थ चुकीचा लावला गेला. प्रोदींचं पहिलं सरकार दोन वर्षं पाच महिने चाललं, आणि इटलीच्या सरासरीने ते दीर्घायुषी म्हणावं लागेल. शिवाय त्याच काळात देश युरो चलनात जाण्यासाठी पात्र ठरला.

समोरचे पर्याय

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात लेत्तांसमोर ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

एक, द्रागींच्या वारशाभोवती आघाडी बांधायची. निकष सोपा: ज्याने द्रागींना पाडलं तो बाहेर. यात कालेंदा बसत, फाइव्ह स्टार बसत नव्हता. प्रतिमा स्वच्छ, पण मतं कमी.

दुसरी वाट १९९६ ची. समान सरकारचं नाव न काढता, फक्त थेट लढतीच्या जागांपुरता समझोता, फाइव्ह स्टारसकट. संविधानदुरुस्ती दोनतृतीयांश बहुमताने झाली तर सार्वमत मागता येत नाही, आणि उजवे तिथवर पोहोचू नयेत एवढंच किमान उद्दिष्ट ठेवायचं. पक्षात या मताचे लोक होते. अडचण ही, की कोंतेंनी होकार दिला असताच असं नाही. एकट्याने लढून दक्षिणेत गरिबांच्या उत्पन्न-साहाय्य योजनेवर मतं मागायला ते मोकळे होते.

तिसरी वाट म्हणजे कुणाशीच फार न जोडता मुख्य विरोधी पक्ष म्हणून उभं राहायचं आणि पराभव सन्मानाचा करायचा. कुणी तोंडाने म्हणालं नाही, पण काही जण मनात तेच धरून असावेत.

लेत्तांनी पहिली वाट निवडली आणि फाइव्ह स्टारशी फारकत कायमची असल्याचं पहिल्याच दिवसांत सांगितलं. हा पहिला निर्णयबिंदू. संकटाच्या भरात दार बंद करणं समजतं. कडी-कोयंडा घालून किल्ली विहिरीत टाकायची मात्र गरज नव्हती. सिसिलीतली गोष्ट तर याहून विचित्र. तिथे प्रादेशिक निवडणुकीसाठी पीडी आणि फाइव्ह स्टार यांनी एकत्र मतदान घेऊन उमेदवार निवडायचं ठरवलं होतं, आणि द्रागी पडल्यावर तीनच दिवसांनी, २३ जुलैला, हे मतदान पारही पडलं. पीडीच्या कातेरिना किन्निची जिंकल्या. रोममध्ये काडीमोड आणि पालेर्मोत साखरपुडा, असं महिनाभर चाललं. २२ ऑगस्टला फाइव्ह स्टारने तिथूनही अंग काढून घेतलं आणि सिसिली उजव्यांच्या रेनातो स्किफानी यांच्याकडे गेली.

२ ते ७ ऑगस्ट

२ ऑगस्टला लेत्ता, कालेंदा आणि 'पिउ एउरोपा'चे बेनेदेत्तो देल्ला वेदोव्हा यांनी करारावर सह्या केल्या. थेट लढतीच्या जागांपैकी ७० टक्के पीडीला, ३० टक्के आत्सिओने-पिउ एउरोपाला, आणि हे इतर मित्रपक्षांच्या जागा वगळून. मत फोडता येत नाही या अडचणीवरही एक कलम होतं: एकमेकांच्या मतदारांना खुपतील अशा व्यक्ती थेट लढतीत उभ्या करायच्या नाहीत. पक्षांचे प्रमुख, फाइव्ह स्टारमधून आलेले आणि फोर्त्सा इतालियातून आलेले खासदार, हे सगळे त्यात आले.

कागदावर कलम हुशारीचं होतं. प्रत्यक्षात त्याने फ्रातोयान्नी, हिरव्यांचे आंजेलो बोनेल्ली आणि दी मायो या तिघांनाही, ते चर्चेत हजर नसताना, 'खुपणारे' म्हणून जाहीर केलं. ज्यांच्याशी तीन दिवसांनी बोलणी करायची आहेत त्यांच्या अटी आधीच तिसऱ्याबरोबर ठरवून टाकल्या. लहान पक्षांच्या प्रमुखांना पीडीच्या यादीत जागा देऊन संसदेत आणू, असाही प्रस्ताव पुढे आला. दुसऱ्याच्या वाड्यात ओसरीवर जागा मिळाल्यासारखं ते. डावे-हिरवे बिथरले, बैठका पुढे ढकलल्या गेल्या. हा दुसरा निर्णयबिंदू, आणि मला विचाराल तर सगळ्यात महागाचा. सगळ्यांना एका टेबलाशी बसवायच्या ऐवजी लेत्तांनी एकेकाला वेगवेगळं बोलावलं, त्यातही सर्वांत चढ्या किमतीच्या भागीदाराला आधी. ३० टक्के हा आकडा जाहीर झाल्यावर पुढच्या प्रत्येकाने आपली किंमत त्यावरून मोजली.

६ ऑगस्टला उरलेले दोन करार झाले. डावे-हिरवे यांच्याशी ८०-२०, दी मायो आणि ब्रुनो ताबाच्ची यांच्या 'इम्पेन्यो चीविको'शी ९२-८. लेत्तांनी फरक समजावला: कालेंदांशी झालेला करार सरकार चालवण्याचा, डाव्यांशी झालेला संविधान वाचवण्यासाठी निवडणुकीपुरता.

इथे सगळं तर्कशास्त्र उलटलं. द्रागींना पाडलं म्हणून फाइव्ह स्टार बाहेर, तर मग पहिल्या दिवसापासून द्रागींच्या विरोधात असलेले फ्रातोयान्नी आत कसे? आणि सरकारची अट नसलेला, निवडणुकीपुरता समझोता चालतो म्हणावं, तर तो १५ टक्के मतं आणणाऱ्या कोंतेंशी का चालत नाही आणि साडेतीन टक्केवाल्यांशी का चालतो? लेत्तांनी पहिली वाट निवडून अर्ध्यावर दुसरी धरली. दुसरीचा फायदा म्हणजे दक्षिणेतली मतं, ती तर आधीच सोडून दिलेली.

७ ऑगस्टला कालेंदांनी मुलाखतीत हीच विसंगती पुढे केली. एकमेकांत न बसणारे तुकडे जोडले जात आहेत, हे आपल्याला पटत नाही, असा त्यांचा सूर. त्यांची बाजू ऐकताना मात्र एक आठवावं: इतर मित्रपक्षांच्या जागांचा उल्लेख त्यांनी सही केलेल्या कागदातच होता. डावे येणार हे त्यांना २ तारखेलाही ठाऊक होतं. त्या चार दिवसांत त्यांच्याच पाठीराख्यांनी समाजमाध्यमांवर उठवलेली झोड त्यांना अधिक जड गेली असावी. लेत्तांचं उत्तर तिरकस होतं: कालेंदांना चालेल असा मित्र एकच, खुद्द कालेंदा.

पिउ एउरोपा पीडीबरोबरच राहिला. त्यामुळे कालेंदांपुढे वेगळाच पेच उभा झाला. नव्या पक्षाला निवडणूक लढवायला मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात, पिउ एउरोपाच्या चिन्हामुळे ती सूट होती. ऑगस्टच्या मध्यात, रिकाम्या शहरांत, सह्या देणार कोण? रेन्झी यांच्या 'इतालिया विवा'कडे सूट होती. ११ ऑगस्टला दोघे एकत्र आले आणि 'तिसरा ध्रुव' तयार झाला. जो नेता लेत्तांना कोणत्याही परिस्थितीत नको होता, तो आता त्यांच्याच सोडून गेलेल्या मित्राबरोबर समोर उभा.

निकाल

लेत्तांच्या प्रचाराचा शब्द होता 'निवडा'. फलकाचा अर्धा भाग लाल, अर्धा काळा. आम्ही किंवा ते. फलक देखणे होते, पण मतपत्रिकेवर चार गट होते.

२५ सप्टेंबरला मतदान ६३.९ टक्के झालं, प्रजासत्ताकाच्या इतिहासातलं तोवरचं सगळ्यात कमी. कनिष्ठ सभागृहात उजव्या आघाडीला ४३.८ टक्के, डाव्या-मध्यममार्गींना २६.१, फाइव्ह स्टारला १५.४, तिसऱ्या ध्रुवाला ७.८. थेट लढतीच्या १४७ पैकी १२१ जागा उजव्यांकडे. ४४ टक्क्यांहून कमी मतांवर ४०० पैकी २३७ जागा. दोनतृतीयांशाचा आकडा मात्र त्यांनी गाठला नाही.

तपशील जास्त बोलके आहेत. रोमच्या मध्यभागातली सिनेटची जागा म्हणजे डाव्या-मध्यममार्गींचं हक्काचं घर. तिथे पिउ एउरोपाच्या ज्येष्ठ नेत्या एम्मा बोनिनो मेलोनींच्या पक्षाच्या लाविनिया मेन्नुनी यांच्याकडून हरल्या. तिसऱ्या क्रमांकावर होते स्वतः कालेंदा, आणि दोघींमधल्या फरकाच्या कितीतरी पट मतं त्यांच्या पदरात. पाच दिवसांपुरते एका कागदावर असलेले दोन पक्ष एकमेकांना पाडून मोकळे झाले. पिउ एउरोपाला देशभरात २.८ टक्के मिळाले. तीन टक्क्यांच्या उंबरठ्याखाली म्हणून प्रमाणशीर जागा शून्य. नापोलीत दी मायो थेट लढतीत उभे राहिले (कालेंदा गेल्यावर 'खुपणाऱ्यां'चं कलम कुणाला आठवणार) आणि फाइव्ह स्टारच्या सेर्जिओ कोस्ता यांच्याकडून सपशेल हरले. त्यांच्या यादीला एक टक्काही मिळाला नाही, त्यामुळे ती मतं मित्रपक्षांच्याही कामी आली नाहीत.

लेत्तांनी दुसऱ्याच दिवशी पद सोडण्याची तयारी जाहीर केली. फेब्रुवारी २०२३ च्या खुल्या पक्षांतर्गत मतदानात एली श्लाइन निवडून आल्या. नोंदणीकृत सदस्यांचा कौल मात्र स्तेफानो बोनाच्चिनी यांच्या बाजूने होता. तिसरा ध्रुव त्याच वर्षी एप्रिलमध्ये फुटला.

वेगळं काय करता आलं असतं

निकालानंतर सगळ्यांनी एक बेरीज केली: २६.१ अधिक १५.४ अधिक ७.८ म्हणजे ४९.३. उजव्यांपेक्षा साडेपाच टक्के जास्त. ही बेरीज फसवी आहे, कारण कालेंदांचा मतदार कोंतेंच्या नावावर खूण करण्यापेक्षा घरी बसणं पसंत करेल, आणि उलटही. पण सगळी बेरीज धरायची गरजच नव्हती. दक्षिणेतल्या निवडक जागांवर फाइव्ह स्टारशी १९९६ सारखी अबोल वाटणी झाली असती, तरी १२१ चा आकडा बराच खाली आला असता. त्यासाठी जुलैमध्ये 'कायमची' हा एक शब्द टाळायला हवा होता. कोंतेंनी नकार दिला असता तर दोष त्यांच्या माथी गेला असता, तेही थोडं नव्हे.

दुसरं, क्रम. आधी डाव्यांशी आणि दी मायोंशी बोलून मग कालेंदांना पूर्ण चित्र दाखवलं असतं, तर ते २ ऑगस्टलाच नाही म्हणाले असते. आघाडी तेवढीच लहान राहिली असती, पण फुटण्याचा तमाशा झाला नसता आणि पाच दिवस वाचले असते. कदाचित, पण फक्त कदाचित, सह्यांच्या अडचणीमुळे कालेंदा हो म्हणाले असते.

पुढच्या काळाने काही प्रयोग करून दाखवले. फेब्रुवारी २०२४ मध्ये सार्डिनियाच्या प्रादेशिक निवडणुकीत पीडी, फाइव्ह स्टार आणि डावे-हिरवे एकत्र लढले, कालेंदा वेगळे. फाइव्ह स्टारच्या आलेस्सांद्रा तोद्दे अर्ध्या टक्क्याच्या आतबाहेर जिंकल्या. तिथल्या कायद्यात मत फोडता येतं, आणि उजव्यांच्या याद्यांना त्यांच्या उमेदवारापेक्षा जास्त मतं पडली होती. दोनच आठवड्यांनी आब्रुत्झोत कालेंदा, रेन्झी, कोंते सगळे एका उमेदवारामागे उभे राहिले. सात टक्क्यांनी हरले.

ऑक्टोबरमध्ये लिगुरियाची पाळी आली. पीडीचे आंद्रेआ ओर्लांदो उमेदवार होते. रेन्झींचा पक्ष आत घ्यायचा की नाही यावर पुन्हा आठवडे गेले, या वेळी नकाराधिकार कोंतेंनी वापरला आणि इतालिया विवा बाहेर राहिला. ओर्लांदो दीड टक्क्याच्या आत हरले.